दहाव्या दिवशीची कात्री

परभणीत मला पहिली नोकरी लागली आणि खोली शोधायची वेळ आली, तेव्हा शाळेतल्या प्रत्येकाने मला एकच घर सुचवलं आणि लगेच त्या घरापासून सावधही केलं. खोली हवेशीर, भाडं वाजवी, नळ अंगणातच, मालकीणबाई म्हणजे देवमाणूस. फक्त मालक जरा 'तसे' आहेत. तसे म्हणजे कसे, हे काही कोणी सांगेना. माझ्या मनात दारूपासून संशयी स्वभावापर्यंत सगळं येऊन गेलं.

घरमालक म्हणून जे प्रश्न विचारायचे असतात, म्हणजे गाव कोणतं, आडनाव काय, लग्न ठरलंय का, पाहुणे किती येतील, त्यातला एकही त्यांनी विचारला नाही. मी खोली बघायला गेले तेव्हा ते ओट्यावर लाकडी खुर्ची टाकून बसले होते. अंगात बनियन, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मला समोरच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "एका झाडावर काही पोपट आले. एका फांदीवर एकेक बसला तर एक पोपट उरतोय. दोन-दोन बसले तर एक फांदी रिकामी राहतीय. पोपट किती, फांद्या किती?"

"काका, मी मराठी शिकवते," मी म्हणाले.

"मंग तर लयच चांगलं. प्रश्न तर मराठीतच हाय."

तेवढ्यात आतून मालकीणबाई, म्हणजे काकू, आल्या, माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि कुजबुजल्या, "सामान आणा तुमी. पोपट कुठं पळून जात न्हाईत." अशी मी त्या घरात राहायला गेले. पुढच्या आठवड्यात एकदा चार पोपट आणि तीन फांद्या असं उत्तर मी देऊन टाकलं.

"कसं काढलं?"

"अंदाजाने."

"मंग चुकलं," काका म्हणाले. अंदाजाने आलेलं बरोबर उत्तर हे त्यांच्या लेखी चुकीच्या उत्तराहून वाईट. चुकणाऱ्याला निदान आपण काय केलं ते सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं. मला गणिताचा शाळेपासून तिटकारा. दहावीला त्या विषयाने मला जेमतेम जाऊ दिलं होतं, आणि आता तोच विषय बनियन घालून माझ्या दारात बसला होता.

काका पिंगळीच्या स्टेशनवर तिकिटं द्यायला होते. तिथे गाड्या थांबायच्या थोड्या आणि तिकिटं खपायची त्याहून थोडी. दोन गाड्यांच्या मधला सगळा वेळ त्यांनी कोड्यांना दिला. पेन्शनीत आल्यावर गाड्याही मधून निघून गेल्या आणि नुसता मधला वेळ उरला. त्यांची कोडी कागदावर नसत, सगळी डोक्यात. माणूस बघून ते कोडं काढत. दूधवाल्याला दूध-पाण्याचं, वीज मंडळाच्या माणसाला मेणबत्त्यांचं, डॉक्टरांना गोळ्यांचं. समोरचा अडला की ते खुलत. "घाई न्हाई. बसा. इचार करा," असं म्हणत आणि मग अंगणात कितीही ऊन आलं तरी त्या माणसाची सुटका नसे. उत्तर मात्र कधीच सांगत नसत. उत्तर सांगितलं की माणूस घरी जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाजीबाजाराला काकू त्यांना पाठवत नसत. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा कारण कळलं. वांग्यांच्या ढिगाशी उकिडवे बसून ते भाजीवालीला म्हणाले, "मावशे, पहिल्या गिऱ्हाइकाला तू निम्मी वांगी दिलीस आन वर अर्धं वांगं दिलंस. दुसऱ्यालाबी उरल्यातली निम्मी आन वर अर्धं. पण कोणतंच वांगं कापलं न्हाईस. तर..."

"बाबा," भाजीवाली म्हणाली, "वांगं घ्यायचंय का उत्तर घ्यायचंय?"

काकांनी उत्तर घ्यायचंय असं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. तिने पाण्याचा हबका भाजीवर मारला तो निम्मा यांच्या अंगावर आला. वांगी न घेताच आम्ही परत आलो. वाटेत ते खूश होते, कारण ती बाई म्हणे निदान ऐकत तरी होती.

नळाच्या दिवशी तर घरात रणधुमाळीच व्हायची. परभणीत पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा गल्लीत लग्नघर असल्यासारखी धावपळ असते. अशाच एका सकाळी मी बादल्या लावून उभी असताना काका पाच लिटरचा तेलाचा डबा आणि तीन लिटरची कळशी घेऊन आले आणि नळाखालची माझी बादली त्यांनी हळूच बाजूला सारली. "मॅडम, ह्या दोनच भांड्यांनी बरोबर चार लिटर मोजून दाखवा." मी म्हणाले, काका, आत्ता? ते म्हणाले, पाणी आत्ताच आलंय ना. मग मी घाबरून उभी आहे असं बघून स्वतःच दाखवायला लागले. डबा भरला, डब्यातून कळशी भरली, डब्यात दोन लिटर उरलं. आणि मग त्यांनी भरलेली कळशी मोरीत ओतून दिली.

काकू स्वयंपाकघरातून ज्या रागाने आल्या, तसा राग मी कधी पाहिला नव्हता. "पाणी ओतून दिलं? नळाचं पाणी? ओतून?"

"अगं, त्याबिगर चार लिटर येतच न्हाई. रीतच तशी हाय."

"आग लागो त्या रीतीला!" काकू म्हणाल्या. डब्यात चार लिटर बरोबर जमलं तेव्हा नळ गेला होता. त्या चार लिटरांत आम्हा तिघांचा त्या दिवशीचा स्वयंपाक झाला. जेवताना काका एकदाच म्हणाले, की माप मात्र तंतोतंत होतं.

या माणसाला लाज नाही, असं गल्लीत बोललं जाई, त्याला कारणही होतं. पलीकडच्या घरातले म्हातारे गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा पुण्याहून आला तो दगडासारखा बसून होता. ना रडणं, ना बोलणं. लोक येत होते, मान हलवत होते, चहा पिऊन जात होते. काका त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तू झालास तवा तुझे वडील सव्वीस वर्षांचे. तुझ्या वयाच्या तिप्पट ते कवा होते?" बायकांनी तोंडाला पदर लावले. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो मुलगा बोटांवर हिशेब करायला लागला. "मी तेरा," तो म्हणाला. "बाबा एकोणचाळीस." मग थांबला. "तेव्हा मी आठवीत होतो. त्याच वर्षी त्यांनी मला सायकल आणली होती. पेडगावहून स्वतः चालवत आणली, टायर पंक्चर झालं होतं..." आणि तो ढसाढसा रडला. काका घरी येऊन म्हणाले, "उत्तर बरोबर आलं." बाकी काही नाही. त्यांना नेमकं काय करायचं होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांना तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

एक गोष्ट मात्र माझ्या हळूहळू लक्षात आली. काकांनी कोडं सुरू केलं की काकू तिथून उठून जात. भाकरी तव्यावर असली तरी गॅस बारीक करून उठत. आधी मला वाटलं, ऐकून ऐकून बेजार झाल्या असतील. दुसरी गोष्ट, काकू कधी माहेरचं नाव काढत नसत. त्यांचं माहेर सोनपेठचं. तिथे भावाचं कापडाचं दुकान. दर दिवाळीला त्या दुकानातून कोणा ना कोणाच्या हाती ब्लाऊजपीस यायचा. काकूंच्या अंगावरचा प्रत्येक ब्लाऊज त्या कापडाचा. भाऊबीजेला भाऊ मात्र कधी आला नाही, आणि काकू कधी गेल्या नाहीत.

एकदा शेंगा फोडता फोडता मी सरळ विचारलं. काकूंनी हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले आणि मग सांगायला लागल्या.

त्यांच्याकडे लग्नात एक चाल होती. नवरदेव पंगतीला बसला की मुलीकडचा मोठा माणूस त्याला हुमाण घालायचा, म्हणजे कोडं. ते सुटल्याशिवाय नवरदेवाने घास उचलायचा नाही. सगळा थट्टेचा मामला. नवरदेव दोनदा चुकायचा, करवल्या हसायच्या, मग कोणीतरी उत्तर कानात सांगायचं आणि पंगत सुरू व्हायची. काकूंच्या लग्नात हा मान त्यांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. अण्णांनी आपल्या धंद्यातलं कोडं घातलं. "वीस मीटरचा तागा. रोज दोन मीटर कापायचं. कात्री किती दिवस चालवावी लागंल?"

नवरदेवाने ऐकता ऐकताच सांगितलं, "नऊ."

अण्णा हसले. करवल्याही हसल्या. "दहा," अण्णा म्हणाले.

"नवव्या दिवशी कात्री चालवली की दोन मीटरचाच तुकडा उरतोय. दहाव्या दिवशी तो नुसता उचलून द्यायचा. कापायचं काय त्यात?"

आता ही थट्टा राहिली नव्हती. सगळ्या सोनपेठेला कापड देणाऱ्या माणसाला कालचा पोरगा भर मांडवात कापड कापायला शिकवत होता. अण्णा म्हणाले, मी रोज कापतो, मला माहिती आहे, दहा. नवरदेव म्हणाला, नऊ. मधल्या लोकांनी दोघांच्याही विनवण्या केल्या. भात गार झाला. "नऊ म्हणल्याबिगर मी जेवणार न्हाई," नवरदेव म्हणाला. "मंग उपाशी जावा," अण्णा म्हणाले. "आन दहा म्हणल्याबिगर माझ्या उंबऱ्यात पाय ठिवू नका." नवरदेव खरंच उपाशी उठला. जाता जाता म्हणाला, "मीबी येणार न्हाई आन हीबी येणार न्हाई."

"छत्तीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "आई गेली तवा मी गेले होते. अंगणातनंच परत आले. आईचे पाय शिवले, पाणीसुदिक न्हाई घेतलं."

"तुम्ही एकट्या जायचं ना, काकू!"

"ह्यांनी न्हाई म्हणलं होतं. आन अण्णाबी कवा ये म्हणला न्हाई. दोघंबी माझेच. कुणाचं मोडू?"

मला काकांचा राग आला. चांगलाच आला. त्या दिवसापासून त्यांची कोडी मी ऐकून घेईनाशी झाले. चूक-बरोबर करता करता या माणसाने घरातल्या बाईचं माहेर खर्ची घातलं होतं, आणि वर ओट्यावर बसून लोकांना 'इचार करा' म्हणून सांगत होता. मी एकदा त्यांना तसं बोलूनही दाखवलं. ते जराही चिडले नाहीत. "मॅडम, पण उत्तर नऊच हाय," एवढंच म्हणाले. "अण्णाचं कापड चांगलं असतंय. गणित कच्चं हाय."

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी सकाळी सोनपेठहून भाच्याचा फोन आला. अण्णांच्या अंगावरून वारं गेलं होतं. जिवाचा धोका टळला होता, दवाखान्यातून घरी आणलं होतं, पण उजवा हात गेला तो गेलाच. काकूंनी मोबाईल ठेवला, आत जाऊन पातळ बदललं आणि पिशवी घेऊन ओट्यावर आल्या.

"मी चाललेय. तुमी नऊ म्हणा न्हाईतर नव्वद म्हणा. यायचं तर या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, तुमी चला. हे वाटंतनं परतले तर मला सोबत पायजे."

काका परतले नाहीत. बनियनवर सदरा चढवून मागोमाग आले. एसटीत कंडक्टरला त्यांनी काहीही विचारलं नाही. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच झालं. अर्ध्या वाटेवर ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, आजारी माणूस हाय. दहा म्हणून टाकावं, असं मलाबी वाटायलंय. पण जीभच वळंना. चुकीचं हाय ना ते." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की माझा राग थोडा वेळ बाजूला राहिला. त्यांना खरोखरच जमत नव्हतं. इतर माणसं दिवसातून चार वेळा जे सहज करतात ते या माणसाला जन्मात एकदाही जमलं नव्हतं.

दुकान पुढे, घर मागे. अण्णा घरात पडून राहायला तयार नव्हते. दुकानातल्या गादीवर लोडाला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. तोंड एका बाजूला जरा ओढलेलं, पण बोलणं समजत होतं. काका रस्त्यावरून वर चढले आणि उंबऱ्याच्या अलीकडच्या पायरीवर थांबले.

"कोण? जावईबापू का?" अण्णा म्हणाले. "या की. किती?"

काका उभेच. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. अण्णाही बघत बसले. मला वाटलं, आता हे दोघं असेच राहणार, एक आत, एक बाहेर. काकूंनी थोडा वेळ वाट बघितली. मग नवऱ्याच्या शेजारून उंबरा ओलांडून त्या सरळ आत गेल्या. भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि हमसून रडल्या. अण्णांचा डावा हात बहिणीच्या पाठीवर फिरत होता. भावजय आली आणि तिने काकूंना धरून स्वयंपाकघरात नेलं.

पुढे दुकानापाशी राहिले हे दोघं, आणि मधल्या स्टुलावर मी.

"वरच्या कप्प्यात हिरवा तागा हाय," अण्णा काकांना म्हणाले. "तिच्यासाठी ठिवलाय. येत्या दिवाळीचा. माझा हात चालंना. तुमी द्या कापून."

कापून द्यायला आत जाणं भाग होतं. काकांनी उंबऱ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, मग आत आले. प्रश्न अजून तसाच होता, पण काम निघालं होतं. तागा काढला. आतल्या लाकडी फळीवर कापडाचा एकच वेढा शिल्लक होता. काका तो उलगडून म्हणाले, "कापायचं काय ह्याच्यात? शेवटचाच तुकडा हाय. नुसता उचलून द्यायचा."

"टोक बघा," अण्णा म्हणाले.

काकांनी टोक डोळ्यांजवळ नेलं. तागा ज्या फळीवर गुंडाळलेला असतो तिला आतलं टोक चिकटवलेलं असतं. तिथे डिंकाचा पिवळा डाग होता, गिरणीचा निळा शिक्का होता, दोरे सुटले होते, घडीत धूळ बसली होती.

"असं दिऊ का मी बहिणीला? अं? दर ताग्याचं टोक असंच असतंय. कोण गिऱ्हाईक घेईल? शेवटच्या तुकड्यालाबी कात्री लावावीच लागती, जावईबापू. धंदाय आमचा."

काका कितीतरी वेळ ते टोक बघत राहिले. अंगठ्याने डिंक खरवडून बघितला. मग कात्री उचलली. आयुष्यात कापड कापलं नसावं, कारण काप नागमोडी गेला.

"वाकडं कापलं," अण्णा म्हणाले.

"व्हय."

"पण कापलं ना? कितवं झालं?"

काकांनी कात्री खाली ठेवली. "दहावं," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले, कारण आता ते खरं होतं. मग जरा वेळाने, "पण टोक खराब असतंय हे तुमी प्रश्नात सांगायला पायजे होतं."

"तुमी इचारलं का? ताट सोडून उठलात!"

"तुमी उठू दिलं!"

तेवढ्यात काकू आतून दोन ताटं घेऊन आल्या. एक भावापुढे ठेवलं, एक नवऱ्यापुढे. भात वाफाळत होता. काकांनी खाली मान घालून पहिला घास घेतला. अण्णा डाव्या हाताने जेवत होते, अर्धं सांडत होते. त्यांच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती हसत होती. मला तर आधी कोणाचा राग करावा तेच कळेना.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत हिरवा तुकडा. काकांना आता वाचा फुटली होती. "मॅडम, तसं बघितलं तर नऊ हे उत्तर चूक न्हाई. कोरडं गणित बघितलं तर नऊच. खराब टोक हे धंद्यातलं झालं. म्हंजे प्रश्नच अपुरा होता. माझी चूक काय झाली, तर मी अपुरा प्रश्न पुरा धरला..." ते बोलतच होते. त्यांच्या चेहऱ्यावर जुनं कोडं नव्याने सुटल्याचं समाधान होतं. छत्तीस वर्षांचं त्यांच्या हिशेबात कुठे नावच नव्हतं.

"मी एक हुमाण घालू का?" काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

काका बोलायचे थांबले. काकूंनी कधी कोडं घातलं नव्हतं. काकांचे डोळे चमकले. "घाल की!"

"एक बाई हाय. तिचं माहेर एसटीनं दोन तासांवर हाय. रस्ता चांगला, गाडी रोजची, वाटंत एकदाबी बंद पडली न्हाई. पण त्या बाईला माहेरच्या उंबऱ्याच्या आत जायला छत्तीस वर्षं लागली. सांगा, गाडी कुठं थांबली होती?"

काकांनी तोंड उघडलं. "म्हंजे अंतर किती..." म्हणाले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. बायकोकडे बघितलं. ती अजून बाहेरच बघत होती.

"घाई न्हाई," काकू म्हणाल्या. "बसा. इचार करा."

काका बसले. थोड्या वेळाने त्यांनी काकूंच्या मांडीवरची पिशवी हलकेच उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि परभणी येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. उत्तर त्यांनी दिलं नाही. अंदाजानेसुद्धा नाही.